छपराखाली जे कोणी असतील

मिसेस लिंडक्विस्टने पाणंदीच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी दाढी करणं सोडलं. टोनी, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "वय झालंय, आळस आला असेल." मी म्हटलं, "तुझ्या बापाला आळस? झोपेत तरी आलाय का कधी?"

माझे सासरे मानुएल अमरल. आमची मुलं झाली तेव्हापासून सगळं गाव त्यांना वावो म्हणतं, त्यांच्या भाषेत आजोबा. विशीत पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून ते अमेरिकेत, ऱ्होड आयलंडला आले, कापडगिरणीत राबले आणि उरलेला सगळा जन्म ओहोटीला वाहिला. ओहोटी लागली की खांद्यावर लांब दांड्याचं दाताळं, हातात तारेची टोपली आणि गिफर्डांच्या जुन्या शेताच्या कडेने जाणाऱ्या पाणंदीने थेट खाडी. मांडीभर पाण्यात उभं राहून तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, ओढायच्या, निम्म्या वाटेत भेटेल त्याला वाटून टाकायच्या. सासूबाई गेल्यावर तर माणसाला अंथरुणातून उठवणारी तेवढी एकच गोष्ट राहिली होती. आता तीही कुलपात गेली. बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. मी सूप घेऊन जायची तर खिडकीशी बसलेले असायचे, गालांवर पांढरे खुंट, आणि खिडकीतून खाडी दिसतसुद्धा नाही. मला भीती वाटायला लागली होती, खरंच सांगते.

दुसरीकडून खाडीवर उतरायला रस्ता आहे, पण तो गाडीने जाण्याइतका लांब, आणि डोळ्यांमुळे वावोंचं गाडी चालवणं बंद झालेलं.

मिसेस लिंडक्विस्ट काही राक्षसीण नव्हती. बॉस्टनहून आली, शेत विकत घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाहुण्या पोराटोरांनी पाणंदीत बाटल्या फोडल्या, कुणाच्या तरी ट्रकने तिची दगडी भिंत पाडली. ती चिडली. मीही चिडले असते. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण तिने मला आत बसवलं, कॉफी दिली आणि खरेदीखत पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं: पेलेग गिफर्ड याच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याची मुलगी थँकफुल हिच्या वारसांना पाणंदीतून किनाऱ्यावर जाण्याचा हक्क.

"कागदावर आहे ते मी पाळणार," ती म्हणाली. "वारस असतील त्यांनी यावं, मी फाटक उघडीन. पण माझे वकील म्हणतात, वारसच नाहीत. ही मुलगी नऊ वर्षांची असताना वारली."

वकिलांनी पुरावा म्हणून आमच्या गावच्या इतिहासाचं पान जोडलं होतं. हा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या एका पाद्रीबुवांनी लिहिला. आमच्या गावात बायबलवर शंका घेतलेली चालते, त्या जाडजूड पुस्तकावर घेतलेली चालत नाही. त्यात स्वच्छ छापलं होतं की पेलेगची धाकटी थँकफुल सन १७४७ मध्ये घशाच्या साथीत गेली. तिचा दगडही आहे शेताच्या कोपऱ्यातल्या स्मशानात. वर पंख असलेला चेहरा, खाली नाव आणि वय. मी लहानपणी त्या दगडावर बसून सफरचंदं खाल्ली आहेत.

आता माझं माहेरचं नाव गिफर्ड. आई मरेपर्यंत सांगायची की आपण दोन्ही बाजूंनी पेलेगचे. तिची आई क्रे घराण्यातली, आणि क्रे म्हणजे "थँकफुलची माणसं" असं आजी म्हणायची. कोण थँकफुल, कुणाची, हे आम्ही कधी विचारलं नाही. घरात असली वाक्यं पडून असतात, जुन्या छत्र्यांसारखी.

मी शाळेची बस चालवते. सकाळी मुलं सोडली की दुपारपर्यंत मोकळी. त्या मोकळ्या वेळात मी वाचनालयात ठाण मांडलं. पूर्वी गावातल्या काही बायकांनी सगळ्या जुन्या मृत्युपत्रांचा सारांश टाइप करून ठेवला होता, एकेका माणसाचा सगळा जन्म चार ओळींत. वंशावळीच्या नादाला लागलेले सगळे तोच वाचतात. मीही तोच काढला. पेलेग गिफर्ड, शेतकरी. बायको हॅना हिला पूर्वेची खोली, भट्टीवर हक्क, स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत जाण्याची मोकळीक. मुलगा अमुक, मुलगा तमुक. मुलगी थँकफुल व तिचे वारस यांना किनाऱ्याची वाट. मृत्युपत्राची तारीख १७७४.

मी तारखेवर बोट ठेवून बसले. १७४७ मध्ये मेलेल्या मुलीला बाप १७७४ मध्ये वाट कशाला देईल? आणि मग मी एवढ्या मोठ्याने हसले की वाचनालयातल्या मुलीने मान वर केली. आमच्याकडे त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. नाव वाया जाऊ देत नसत. एक थँकफुल गेली, मागून दुसरी आली. पाद्रीबुवांनी दगड वाचला, प्रकरण मिटवलं आणि जेवायला गेले.

गावच्या जन्मनोंदीत दुसरी थँकफुल सापडली, जन्म १७४९. तिचं लग्न जॉन क्रे याच्याशी. पुढची साखळी सोपी होती. क्रे मंडळींनी मुलं जन्माला घालण्यात कधी हयगय केली नाही. माझ्या आजीपर्यंत एकेक कडी जुळली आणि नगरकचेरीतल्या डॉटने त्यावर शिक्के मारले. डॉट माझ्याबरोबर शाळेत होती. मला बघितलं की म्हणायची, "या, वारसबाई. आज कुणाची जमीन घ्यायची?"

कागद घेऊन मी नाचतच घरी आले. सांगायला मात्र रविवारपर्यंत थांबले. वावो जेवायला आले होते. दर रविवारी येत, पण बसत कसे ते सांगते. दाराजवळच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर, आणि उजेड आहे तोवर निघून जात. हे घर माझ्या आईचं होतं. आमच्या लग्नात आईने अमरल मंडळींना चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसवलं आणि कुणाला तरी म्हणाली, "ते लोक सवयीने मागेच बसतात." वावोंना तेव्हा इंग्रजी कमी यायचं, पण एवढं कळण्याइतकं येत होतं. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना दर वर्षी म्हणायची, इकडे राहायला या, पूर्वेची खोली रिकामी आहे. ते दर वर्षी म्हणायचे, "बघू." त्यांच्या तोंडी बघू म्हणजे नाही.

"वावो, फाटक उघडलं!" मी ओरडले. "मी वारस आहे. शिक्क्यासकट!"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "छान झालं. मग आता तू तिसऱ्या काढ."

"मला कुठे येतात?"

"मग टोनी काढील."

"टोनी वारस नाही," मी म्हटलं. "तो जावई."

टोनीने सूप गिळलं. "म्हणजे पस्तीस वर्षं तुझ्याशी संसार करून मी कुणीच नाही? निदान पुढच्या अंगणापर्यंत तरी जाऊ देशील ना?"

"तू गप्प बस. वावो, तुम्ही माझ्याबरोबर चला. मी पुढे, तुम्ही मागे. कोण विचारतंय?"

वावोंनी टोपी डोक्यावर ठेवली. याचा अर्थ निघाले. "पोरी, हक्क खाली उतरतो. तुझ्याकडून तुझ्या मुलांकडे. माझ्यापर्यंत वर चढत नाही. आणि मी या देशात एकदाही चोरून कुठे शिरलो नाही. आता या वयात सुनेच्या पदराआड लपून शिरू?" ते उठले. उजेड अजून बराच होता.

मी भांडी अशी आपटली की टोनी बाहेर जाऊन बसला. राग वावोंवर नव्हता. ते बरोबर बोलले होते, त्याचाच राग होता. आमची मुलगी ओहायोत, मुलगा प्रॉव्हिडन्सला. दोघांनाही तिसऱ्या ताटात आलेल्या बऱ्या वाटतात. मी तीन आठवडे धुळीत नाक घालून ज्या माणसासाठी वाट मिळवली तो सोडून बाकी सगळ्यांना ती मिळाली होती.

सोमवारी मिसेस लिंडक्विस्टचा फोन आला. तिच्या वकिलांना सारांश चालणार नव्हता, मूळ मृत्युपत्राची नक्कल हवी होती. माझं तोंड कडू झालं, पण मी कचेरीत गेले. आमच्या राज्यात मृत्युपत्रं ज्या त्या गावच्या कचेरीतच राहतात. डॉटने तळघरातून चामड्याची जाड वही आणली आणि टेबलावर अशी ठेवली जशी झोपलेल्या बाळाला ठेवतात.

"तू काय मूळ वाचणार?" ती म्हणाली. "ते कुणीच वाचत नाही. लेखनिकाचं अक्षर बघ, मुंग्यांची वरात."

"मग आपण दोघी वाचू."

आम्ही वाचत गेलो. परमेश्वराच्या नावाने सुरुवात, शरीर मातीला, मग खाटा, गायी, पितळी भांडं, हॅनाची पूर्वेची खोली. थँकफुल आली. वाट आली. 'तिला आणि तिच्या वारसांना' आलं. तिथे सारांश संपला होता. इथे वाक्य संपलं नव्हतं. मी बोट पुढे सरकवत राहिले आणि डॉट माझ्या खांद्यावरून एकेक शब्द मोठ्याने जुळवत राहिली: 'आणि त्यांच्या छपराखाली जे कोणी राहत असतील त्यांनाही, शेवाळ गोळा करण्यास व शिंपले काढण्यास, निरंतर, कुणाच्याही अडथळ्याशिवाय.'

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

तिने पुन्हा वाचलं. "पण असं का लिहिलं असेल? वारसांना दिली की झालं. छप्पर कशाला मध्ये?" तिचं बोट नावाकडे परत गेलं. "क्रे... जॉन क्रे. अगं, हे नाव मी पंचमंडळाच्या वहीत बघितलंय."

ती वही निघाली. १७७१ सालची नोंद. जॉन क्रे, जहाजावरून उतरलेला, कुठला ते सांगत नाही, आईबाप अज्ञात, गावावर ओझं होईल असा, म्हणून त्याने बायकोसह गाव सोडावे. आमच्याकडे तशी रीत होती, परक्याला वेशीबाहेर काढण्याची. खाली दुसरी नोंद: पेलेग गिफर्ड याने जावयासाठी जामीन दिला, राहू द्यावे.

मी खुर्चीत मागे टेकले. सगळं उभं राहिलं डोळ्यांसमोर. म्हाताऱ्याला जमीन मुलग्यांना द्यायची होती. मुलीने केला होता एक फाटका परका, ज्याला पंच गावात ठेवायला तयार नव्हते. मुलीला हक्क दिला तर तो तिचा आणि तिच्या मुलांचा झाला, जावई तसाच कोरडा. उद्या तिचं काही झालं तर त्याने काय खायचं? म्हणून म्हाताऱ्याने लेखनिकाला थांबवून आणखी अर्धी ओळ घालायला लावली. ती अर्धी ओळ त्या एका माणसासाठी होती. आणि पुढे गिफर्ड मंडळी मोठी झाली, पाद्रीबुवा इतिहास लिहायला बसले, तेव्हा परक्याशी लग्न केलेल्या थँकफुलपेक्षा नऊ वर्षांची मेलेली थँकफुल सगळ्यांना सोयीची वाटली असेल. हे माझं मत. डॉट म्हणाली पुरावा नाही. नसू दे. मला माझी आई माहीत होती, मला गिफर्ड माहीत आहेत. मी तिथेच रडले आणि डॉटने घाईघाईने वही माझ्यापासून लांब केली, शाई उतरेल म्हणून.

बेकरीच्या जिन्यावर मी धापा टाकत पोचले. वावो खिडकीशी होते. मी नक्कल पुढे धरली आणि वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं, मग माझ्याकडे संशयाने बघितलं.

"हे तू लिहिलंस."

"मला एवढं जुनं अक्षर आलं असतं तर मी बस चालवली असती?"

"छपराखाली जे कोणी राहत असतील," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे खाडीवर जायचं तर मी तुझ्याकडे राहायला यायचं. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला हाताशी धरलंस तू."

"हो, धरलं. माझं जिवंत माणसांपुढे काही चालत नाही."

ते हसले नाहीत. "एका फाटकासाठी माणसाने घर सोडू नये, लोइस."

मग माझा तोल गेला. "फाटक गेलं खड्ड्यात! फाटक नव्हतं तेव्हापासून मी म्हणते आहे ना? तुम्ही इथे एकटे बसता, मी दारावर थाप मारते आणि आतून आवाज येईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. मला तिसऱ्या नकोत. मला तुम्ही हवे आहात त्या घरात, दारापाशी नाही, आत."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. "ते तुझ्या आईचं घर आहे," शेवटी म्हणाले.

"आई गेली. घर माझं आहे, टोनीचं आहे. आणि माझ्या आईच्या आईची पणजी की खापरपणजी, जी कोण असेल ती, तिचा नवरा, ज्याच्यामुळे आम्ही सगळे जन्मलो तो माणूस, परका होता, वावो. त्याला हाकलायला निघाले होते. कुणाला माहीत नाही कुठून आला. तुमच्या बेटांवरून आला असेल तरी मी काय सांगू?"

"आमचा नसणार," वावो म्हणाले. "आमच्या माणसाने आईबापांचं नाव सांगितलं असतं." मग नक्कल डोळ्यांजवळ नेऊन, अक्षर कळत नसताना, त्या ओळीकडे बघत बसले. "हा क्रे. त्याला तिसऱ्या काढता येत होत्या का?"

"ते नाही लिहिलं."

"जहाजावरच्या माणसाला काय येणार. सासऱ्याने शिकवलं असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "गुडघे वाकवायचे, पाठ नाही. पहिल्या दिवशी सगळे पाठ वाकवतात."

शनिवारी टोनीने ट्रक आणला. सामान फार नव्हतं. सासूबाईंचा फोटो, त्यांच्या बेटांवरच्या पवित्र आत्म्याच्या सणाचा चांदीचा छोटा मुकुट, लोखंडी हंडा, दोन कोट आणि दाताळं. दाताळं त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. पूर्वेच्या खोलीत टोनीने पलंग लावला. रात्रीच्या जेवणाला मी केलची भाजी आणि चुरीसो, त्यांच्याकडचं तिखट सॉसेज, घालून सूप केलं होतं. वावो आले, दाराजवळची खुर्ची बघितली आणि ती उचलून टेबलाशी आणली. टोपी मात्र गुडघ्यावरच होती. सगळं एका दिवसात होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी उठले तर न्हाणीघरातून दाढीच्या साबणाचा वास येत होता.

आम्ही दोघं पाणंदीशी पोचलो तेव्हा मिसेस लिंडक्विस्ट फाटकापाशीच होती, हातात माझ्या कागदांची चळत. तिच्या वकिलांनी आठवडाभर कुरकुर केली होती हे मला फोनवरून माहीत होतं. ही बाई आता आणखी काही काढते की काय, असं मला वाटलं. मी पुढे होऊन बोलणार, एवढ्यात वावोंनी मला हाताने मागे सारलं.

"गुड मॉर्निंग," ती म्हणाली. "मिसेस अमरल यांचे कागद बरोबर आहेत. तुम्ही...? तुम्ही वारसांपैकी आहात का?"

"नाही," वावो म्हणाले. "मी वारस नाही. मी परका. साओ मिगेल बेटाचा. वडिलांचं नाव जोसे, आईचं मारिया दा ग्लोरिया." सगळं त्यांनी टोपी काढून, सरळ उभं राहून सांगितलं, जसं बोटीतून उतरल्यावर टेबलामागच्या माणसाला सांगितलं असेल.

तिने कागद चाळले. मला वाटतं तिला त्यांना दुखवायचं नव्हतं, तिला फक्त कागदाप्रमाणे वागायचं होतं. "मग मला एवढंच विचारावं लागेल," ती हळूच म्हणाली, "की तुम्ही राहता कुठे?"

वावो वळले. पाणंदीतून वर बघितलं तर मेपलच्या झाडांवरून आमचं करड्या फळ्यांचं छप्पर दिसतं आणि धुराडं. त्यांनी दाताळ्याच्या दांड्याने तिकडे दाखवलं. पस्तीस वर्षांत त्या घराला त्यांनी 'तुझ्या आईचं घर' याशिवाय दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ते दिसतं ना," ते म्हणाले, "ते आमचं घर."